“मी ते गोड खासच नही”: अमळनेर तालुक्यातल्या एका प्रीडायबेटिसच्या केसचा पूर्ण हिशोब

ही केस लिहायला पेशंटची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत, बाकी आकडे आहेत तेच ठेवलेत. मी जळगावला डाएटिशियन आहे, आणि अशी पेशंट आमच्याकडे फार कॉमन आहे म्हणूनच ही निवडली, काही दुर्मिळ आजार वगैरे नाहीये. प्रीडायबेटिस म्हणजे शुगर नॉर्मलच्या वर गेलेली, पण अजून डायबेटिसपर्यंत न पोचलेली.

ताई ४१ वर्षांच्या. घरी कापूस आणि दादर (रब्बीची ज्वारी), थोडा हरभरा. घरात सासू, सासरे, मिस्टर, त्या स्वतः, १६ वर्षांची मुलगी आणि १२ वर्षांचा मुलगा. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आल्या त्या शुगरसाठी नाहीच, थकवा आणि चक्कर म्हणून फिजिशियनकडे गेल्या होत्या, तिथे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. उपाशीपोटी शुगर १०८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) ६.२ टक्के, हिमोग्लोबिन ९.८, बीपी १३२/८४. वजन ५८ किलो, उंची १५२ सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २५. कंबर ८८ सेंमी.

आता गावातल्या कोणालाही विचारलं तर म्हणतील बाई कुठं जाड आहे, चांगली तर आहे. पण आपल्या भारतीय लोकांना बीएमआयची रेषा २३ ला धरतात आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत पाहिजे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या अंगात २१.२, आणि जास्त चरबीवाले अर्थातच आपले डॉक्टर. तेव्हा हातपाय बारीक आणि पोट पुढे, हे चित्र आपल्याकडे “ठीकठाक तब्येत” म्हणून खपतं, तो घोळच आहे.

हिस्टरीत खरी गोष्ट निघाली. मुलाच्या वेळेला, म्हणजे १२ वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. डिलिव्हरीनंतर नॉर्मल आली, “गेली शुगर” असं कोणीतरी सांगितलं आणि त्यानंतर एकदाही तपासणी नाही. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका इतर बायकांच्या सातपटीच्या आसपास असतो, हे वेगवेगळे अभ्यास एकत्र करून निघालेलं आहे. वर त्यांच्या आईला डायबेटिस. एवढं सगळं असून बारा वर्षं कोणी बोट टोचलं नाही. डिलिव्हरीनंतर दीड-दोन महिन्यांनी एक टेस्ट आणि मग दर एक ते तीन वर्षांनी, एवढंच लागतं, पण लेकरू सहा आठवड्यांचं झालं की बाई लसीकरणाला येते ती लेकराची म्हणून, तिची स्वतःची कोण तपासणार.

एचबीएवनसीवर मला लगेच विश्वास ठेवायचा नव्हता. ही टेस्ट तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते, पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण लोह कमी असलं की हा आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि ताईंचं हिमोग्लोबिन ९.८. (नंदुरबार, धडगाव, सातपुड्याच्या पट्ट्यात उलटी पंचाईत होते, तिथे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच जणांत आहे, आणि सिकलसेलमध्ये ह्या टेस्टचा आकडा भलतंच काहीतरी सांगू शकतो. तिथल्या पेशंटचा नुसता एचबीएवनसी बघून “शुगर नाही” म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा.) म्हणून डॉक्टरांना म्हणलं ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करून घेऊ. दोन तासांनी १७२ आली. १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, २०० ला डायबेटिस. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, शुगर खरंच बिघडलेली होती.

खाण्याचा तपास

पहिलं वाक्य त्यांचं हे: “मी ते गोड खासच नही मॅडम, मंग शुगर कशी वाढनी?” म्हणजे मी तर गोड खातच नाही, मग शुगर कशी वाढली. आणि ते खरंच होतं. मिठाई नाही, बिस्किट नाही, कोल्ड्रिंक नाही.

काल काय खाल्लं असं विचारलं की पेशंट शहाण्यासारखं खाल्लेलं सांगतो, त्यात लबाडी नसते, माणूस असंच सांगतो. म्हणून मी तीन वेगवेगळे दिवस विचारते, एक साधा, एक शेतात जायचा आणि एक उपासाचा, आणि सोबत महिन्याची किराणा यादी मागवते. यादी खोटं बोलत नाही. सहा माणसांच्या घरात महिन्याला साखर १० किलो, तेल ८ लिटर, साबुदाणा ३ किलो, तूरडाळ ३ किलो. साखरेचा भागाकार केला की माणशी दिवसाला ५५ ग्रॅम होते, पाहुणेरावळे वजा करा तरी ५० च्या घरात. तेल माणशी दिवसाला ४० ग्रॅम.

साखर जात कुठं होती तर चहात. सकाळी पाचला उठल्या की एक, सातला सगळ्यांसोबत एक, दहाला डबे झाले की एक, चारला, आणि संध्याकाळी कोणी आलं की परत. पाच वेळा, कप लहानच, पण दोन-दोन चमचे धरले तरी ५० ग्रॅम झाले. डब्ल्यूएचओ म्हणतं वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. आणि चहाला आपल्याकडे गोड धरतच नाहीत. सकाळचं दुखणं अजून वेगळं, चहा-पोळी हाच नाष्टा, मग दुपारी दोनपर्यंत काहीच नाही.

दुपारी दोन भाकरी, ठेचा नाहीतर बटाट्याची भाजी, कधी वरण. रात्रीचं जेवण मात्र बघण्यासारखं. घरातले सगळे साडेआठला जेवतात, ह्या वाढतात, मग ओटा आवरून दहा-सव्वादहाला बसतात, तोवर भाजी संपलेली असते, वरण तळाशी असतं आणि उरलेली खिचडी किंवा भात भरपूर असतो, टाकायचा कसा म्हणून तो खातात, आणि पावणेअकराला झोपतात. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलंच नाही, मी “किती वाजता जेवता” विचारलं तेव्हा निघालं. घरात रोज भाजी होते, डाळ होते, म्हणजे कागदावर जेवण संतुलित, पण बाईच्या ताटात येतं ते उरलेलं.

आणि उपास. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, श्रावणात वेगळे, नवरात्र आहेच. महिन्याचे सात-आठ दिवस सहज. त्या दिवशी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, आणि चहा नेहमीपेक्षा जास्त, कारण पोटात काही नाही ना. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यांच्या दिराकडे ग्लुकोमीटर होता, म्हणलं पंधरा दिवस जरा जेवणानंतर दोन तासांनी मोजून लिहून ठेवा. साध्या दिवशी भाकरी, डाळ, भाजीनंतर १४० च्या आसपास येत होती, उपासाच्या दिवशी खिचडी आणि चहानंतर १८५ ते १९५. सगळ्यात जास्त शुगर उपासाच्या दिवशी! हे त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं त्यामुळे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

माझ्या हिशोबाने रोजच्या कॅलरींतला ७० टक्के भाग कार्बचा, म्हणजे स्टार्च-साखरेचा, होता आणि प्रोटीन जेमतेम ४० ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने ५८ किलोच्या बाईला किमान ४८ लागतं.

चार्ट कोणाला द्यायचा

इथे माझं ठाम मत आहे आणि ते मी सगळ्या ज्युनिअर मुलींना सांगत असते. ह्या बाईच्या हातात डाएट चार्ट देऊन काही उपयोग नाही. चहाची साखर पातेल्यातच पडते, ती कपात कमी करता येत नाही. तेल किती पडायचं, डाळ पातळ की घट्ट, उपासाला काय चालतं, सून कधी जेवणार, हे सगळं सासूबाई ठरवतात. म्हणून दुसऱ्या व्हिजिटला मी सासूबाईंनाच बोलावलं, आणि “तुमच्या सुनेला शुगर होऊ घातलीये” अशी सुरुवात न करता त्यांचं बीपी मोजलं. १५८ आलं. गोळी चालू होती म्हणे, पण त्या “बरं वाटलं की” बंद करायच्या. त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून पुढे चर्चा सुनेच्या डाएटची राहिली नाही, घराच्या स्वयंपाकाची झाली.

साबुदाण्यावर मात्र अडलं. “उपासले भाकर खातस का कोठे?” असं मला ऐकवलं. मी भाकरीचं बोललेच नव्हते. मी म्हणलं भगर चालते ना, राजगिरा चालतो, दाणे चालतात, ताक-दही चालतं, शिंगाडा चालतो? सगळं चालतं. मग भगर थोडी, त्यावर दाण्याची आमटी चांगली वाटीभर, काकडीची दही घालून कोशिंबीर, रात्री दूध आणि राजगिऱ्याची लाही साखरेविना. भगरही शेवटी धान्यच आहे, तीच ताटभर खाल्ली तर शुगर वाढेलच, फरक पडतो तो दाणे आणि दह्याने. साबुदाणा एकादशीलाच, एकवेळ, अर्धी वाटी, हा तह सासूबाईंनीच सुचवला आणि मी मान्य केला. देवाधर्माच्या बाबतीत डाएटिशियनने जिंकायला जाऊ नये.

भाकरीबद्दल एक गैरसमज इकडे फार आहे, की पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की शुगर होत नाही. हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्थेचे) तक्ते काढून बघा, ज्वारी आणि गव्हाचं चाळणी न केलेलं पीठ ह्यांच्यात कार्ब, प्रोटीन, फायबर उन्नीस-बीसच आहे. आमच्याकडची भाकरी पण केवढी असते, एका भाकरीत ७० ग्रॅम पीठ सहज, म्हणजे ४५-४७ ग्रॅम कार्ब, दोन खाल्ल्या की नव्वदीच्या पुढे. त्यामुळे प्रश्न ज्वारी की गहू हा नाहीच, किती आणि कशासोबत हा आहे. खरा फायदा आपल्या कळण्यात आहे. तीन भाग दादर आणि एक भाग अख्खे उडीद दळले की पिठाचं प्रोटीन दहावरून तेरा टक्क्यांवर जातं, शिवाय डाळीमुळे शुगर जरा सावकाश चढते. सासूबाईंच्या माहेरी कळणाच असायचा, ह्या घरात पोरांना पोळी आवडते म्हणून बंद झाला होता. तो परत सुरू झाला, पण दीड भाकरी, दोन नाही.

बाकी बदल असे झाले. चहा पाचवरून दोनवर, त्यातही साखर एक चमचा, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही आणि ह्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी. एकाच बदलात दोन कामं झाली म्हणून मी ह्याच्यावर सगळ्यात जास्त जोर दिला. जेवणात लिंबू. सकाळी चहा-पोळीऐवजी मोड आलेली मटकी किंवा बेसनाचं धिरडं. जेवायला बसलं की आधी भाजी, डाळ, कोशिंबीर आणि भाकरी त्यानंतर, असं केलं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे छोट्या अभ्यासांत दिसलंय, फुकटचा उपाय आहे, करून बघायला काय जातं. तेल ८ लिटरवरून ५ लिटरवर यायला तीन महिने लागले, आणि शेवभाजीच्या दिवशी मी काही बोलत नाही, खान्देशात राहून शेवभाजीशी भांडण परवडत नाही. केळी बंद का, हे प्रत्येक पेशंट विचारतो, ह्यांनीही विचारलं. लहान केळं एक, जेवणासोबत नाही, मधल्या वेळेला, सोबत मूठभर दाणे. बस.

मोठा बदल एकच, रात्री सगळ्यांसोबत साडेआठला जेवायला बसायचं. हे सासूबाईंनी नाही, मुलीने जमवलं. तिने सगळी ताटं-पातेली मध्ये आणून ठेवायला सुरुवात केली, ज्याला पाहिजे त्याने घ्यावं. सासरे आठवडाभर कुरकुरले. ताईंच्या ताटात भाजी पडायला लागली ती तेव्हापासून, आणि माझ्या मते निम्मा फरक त्यानेच पडला, पण हे माझं मत झालं, सिद्ध काही करता येणार नाही.

चालणं. संशोधनात आठवड्याला १५० मिनिटं लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला गावची गल्ली माहीत नसते. कापूस वेचणीच्या दिवसांत ह्या बाईला चालायला सांगायची गरजच नाही, बाकीचे सात-आठ महिने मात्र हालचाल जवळपास शून्य, पाणी नळाला, दळण गिरणीत, शेतात मजूर आणि जायला मोटारसायकल. आणि एकटी बाई रोज रस्त्याने नुसती चालताना दिसली की चार जणांना प्रश्न पडतात. जेठाणीला सोबत घेऊन सकाळी सहाला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येणं, हे कोणाला खटकलं नाही. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ ला जातो त्यामुळे सहाच्या पुढे सरकायचं नाही. रात्री जेवणानंतर घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, १५ मिनिटं.

आकडे काय झाले

दिवाळीनंतर सुरुवात केली. पहिल्या तीन महिन्यांत वजन ५५.८. मग उन्हाळा लागला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे भाजी महाग, बिबडे-पापड-कुरडयांचा घाणा, लग्नसराई आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि त्या दिवसांत “थोडंच घ्या” म्हणणारी डाएटिशियन कोणालाच नको असते. वजन परत ५७ ला गेलं. मी चार्टमध्ये काही बदललं नाही, फक्त चहा आणि रात्रीची वेळ धरून ठेवा म्हणलं आणि ते त्यांनी धरलं. पावसाळ्यात परत उतरलं.

वर्षाच्या शेवटी: वजन ५४.५, म्हणजे ६ टक्के कमी. कंबर ८३. बीपी १२४/८०. हिमोग्लोबिन ११.६, डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या चालू होत्याच. एचबीएवनसी ५.८.

आता इथे घाई करू नका. ६.२ वरून ५.८, वा वा, असं रिपोर्ट बघून घरातले म्हणालेच. पण हिमोग्लोबिन सुधारलं की एचबीएवनसी तसाही थोडा खाली येतो, म्हणजे ह्या ०.४ मध्ये डाएटचा वाटा किती आणि लोहाचा किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून परत ७५ ग्रॅमची टेस्ट केली. उपाशीपोटी ९८, दोन तासांनी १४६. आधी १७२ होती. चांगली सुधारणा आहे, पण १४० च्या वर आहे, म्हणजे ताई अजून प्रीडायबेटिसमध्येच आहेत. ही टेस्ट एकाच माणसाची दोन वेगळ्या दिवशी केली तरी पंधरा-वीसने हलू शकते हेही धरून चालावं लागतं.

ह्याला संशोधनाच्या शेजारी ठेवून बघू. अमेरिकेतला २००२ चा मोठा अभ्यास सगळे सांगतात, ३२३४ लोक, वजन ७ टक्के कमी आणि १५० मिनिटं व्यायाम, डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने (ही डायबेटिसची गोळी) ३१. पण त्यातल्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ होता, आमच्या ताईंशी त्याचा काय संबंध. जवळचा आहे तो चेन्नईचा, डॉ. रामचंद्रन यांचा, २००६ चा. ५३१ लोक, तीन वर्षं, काही न केलेल्यांपैकी ५५ टक्के लोक डायबेटिसमध्ये गेले, जीवनशैली बदललेल्यांपैकी ३९. धोका २८.५ टक्क्यांनी कमी. कमी वाटतो आकडा, पण आपल्या लोकांचा आहे, आणि त्यात लोकांचं वजन फारसं घटलेलं नसतानाही फायदा दिसला होता, म्हणून आखाजीला वजन वाढलं तेव्हा मी फार घाबरले नाही. ह्यातूनच हेही दिसतं की सगळं व्यवस्थित करूनसुद्धा तीन वर्षांत १०० पैकी ३९ जण डायबेटिसमध्ये गेलेच. पेशंटला हे सांगायला पाहिजे. नाहीतर उद्या शुगर झाली की बाई म्हणेल माझंच काहीतरी चुकलं, आणि घरातले पण तेच म्हणतील.

आयसीएमआर-इंडियाब ह्या देशभरच्या डायबेटिस सर्वेक्षणाचा २०२२ चा एक हिशोब आहे, १८ हजार लोकांच्या आहारावरून काढलेला, की प्रीडायबेटिस मागे फिरवायचा तर कार्ब ५० ते ५६ टक्क्यांवर आणा आणि प्रोटीन १८ ते २० टक्क्यांवर न्या. शाकाहारी शेतकरी घरात १८ टक्के प्रोटीन म्हणजे रोज किती डाळ, किती दही, किती पनीर, आणि पैसे कोण देणार, हे त्या तक्त्यात नसतं. आम्ही ७० वरून ६० पर्यंत आलो आणि प्रोटीन ५२ ग्रॅमपर्यंत नेलं, तूरडाळ महिन्याला ३ ची ५ किलो झाली, सोबत उडीद आणि मटकी. साखर ४ किलोवर आल्यामुळे किराण्याचं बिल फारसं वाढलं नाही.

राहिला प्रश्न मेटफॉर्मिनचा. ह्यावर डॉक्टरांची आणि माझी बरीच चर्चा झाली. त्यांचा मुद्दा असा की अमेरिकेच्या त्याच अभ्यासात ज्या बायकांना गरोदरपणात शुगर झाली होती त्यांच्यात मेटफॉर्मिनने धोका जवळजवळ निम्मा केला होता, जीवनशैलीच्या बरोबरीने, मग ह्या बाईला का नाही द्यायची. मुद्दा वजनदार आहे. दुसरीकडे चेन्नईच्या अभ्यासात जीवनशैलीच्या जोडीला मेटफॉर्मिन दिलं तर वरचा फायदा काहीच दिसला नव्हता, २८.२ टक्केच, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी१२ कमी होतं, आणि ताई पूर्ण शाकाहारी, त्यांचं बी१२ आधीच काठावर. शेवटी डॉक्टरांनी ठरवलं की सध्या गोळी नाही, बी१२ भरून काढायचं, सहा महिन्यांनी परत तीच दोन तासांची टेस्ट, १६० च्या वर गेली तर गोळी सुरू. ताईंनी तारीख विचारली तेव्हा मी आखाजीच्या आठवडाभर आधीची दिली, म्हणजे मांडे-आमरस खायच्या आधी रिपोर्ट हातात असेल, आणि सोबत मुलीचीही शुगर करून आणा म्हणलंय, तिच्या मानेवर काळसर वळ्या दिसायला लागल्यात, आणि ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते.